बेकन म्हणजे इंग्रजांचे सोडे

आमच्याकडे सोड्याची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी व्हायची तेव्हा आजी मूठभर सोडे टाकायची, मोजून मूठभर, आणि त्यावर नऊ माणसं जेवायची. कुणाच्या ताटात चार सोडे आले तर तो नशीबवान, पण वास आणि चव मात्र शेवटच्या घासापर्यंत. बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या, पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मला हे आठवायला हवं होतं, आठवलं नाही, म्हणून पहिली तीन पाकिटं वाया गेली. हॉटेलात ब्रेकफास्ट बुफेला ताटभर घेतात ना, तसं सगळं पाकीट एकदम कढईत ओतलं, गॅस मोठा केला, आणि पाच मिनिटांत कडा काळ्या, मधली चरबी कच्चीच, घर धुराने भरलेलं. वर खारट इतकं की दोन तुकड्यांच्या पुढे जाववेना.

मग एका पावसाळ्यात सोडे संपले होते आणि खिचडीचा मूड होता, म्हणून फ्रीजमधल्या बेकनच्या उरलेल्या चार पट्ट्या बारीक चिरून फोडणीत टाकल्या आणि तिथे डोक्यात प्रकाश पडला. बेकन ही भाजी नाही, मटण नाही, ती फोडणी आहे. खारवलेली, बहुतेक वेळा धुरी दिलेली, स्वतःचं तेल स्वतःच घेऊन येणारी फोडणी. हे एकदा पटलं की नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत कुठेही वापरता येतं आणि चार माणसांना तीन-चार पट्ट्या पुरतात.

आधी विकत घेण्याबद्दल. पुण्यात पूर्वी बेकन म्हटलं की कॅम्पात जायचं, मी पहिलं पाकीट दोराबजीमधूनच आणलं होतं, आता ॲपवरून घरी येतं आणि बऱ्याच सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्येही असतं. पाकिटावर स्ट्रीकी लिहिलेलं घ्या. ते डुकराच्या पोटाकडचं मांस, लाल आणि पांढरे पट्टे एकाआड एक. बॅक बेकन पाठीकडचं असतं, त्यात मांस जास्त, चरबी कमी, सँडविचमध्ये चांगलं लागतं पण फोडणीच्या कामाचं नाही कारण तेलच सुटत नाही. चिकन बेकन मिळतं, त्याच्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही, पण पोर्क खात नसाल तर ते घ्या आणि चमचाभर तेल जास्तीचं घाला, त्याची स्वतःची चरबी जवळजवळ नसतेच.

पाकीट हातात घेतल्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे आत बर्फाचे खडे साठलेत का. साठले असतील तर ते बहुधा कुठेतरी वाटेत वितळून परत गोठलंय, ठेवून द्या परत. दुसरं, घटकांच्या यादीत पाणी किती वर लिहिलंय. बरीच स्वस्त बेकन्स मिठाचं पाणी इंजेक्ट करून खारवलेली असतात, मग तव्यावर पट्टी तळायच्या आधी उकडते. आणि रंग गुलाबी दिसतो म्हणून शिजलेलं समजू नका, तो गुलाबीपणा सोडियम नायट्राइटचा असतो, खारवताना घालतात, त्याने काही घातक जंतूंची वाढ रोखली जाते आणि रंगही टिकतो. पाकिटावर पूर्ण शिजवलेलं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते कच्चंच आहे असं धरून चाला. चिरायचा बोर्ड, सुरी, हात लगेच साबणाने धुवायचे, कोथिंबीर त्याच बोर्डवर चिरायची नाही.

घरी आणल्या आणल्या पाकीट फोडून पट्ट्या वेगळ्या करा. बटर पेपरच्या लांब पट्टीवर एकेक बेकन ठेवायचं आणि सुरळी करत जायचं, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये कागद येतो आणि नंतर पाहिजे तेवढ्याच काढता येतात. सुरळी डब्यात, डबा फ्रीजरमध्ये. साधारण महिनाभर चव चांगली राहते, खाली फ्रीजमध्ये ठेवलं तर उघडल्यापासून आठवड्याच्या आत संपवा. आपल्याकडे गुरुवारी लाइट जाते हे लक्षात ठेवून बुधवारी रात्री पाकीट आणू नका, हा अनुभवाचा सल्ला. दुपारी चारला लाइट आली तोवर माझं सगळं पाकीट मऊ झालं होतं, मग त्या दिवशी सगळंच तळून ठेवावं लागलं.

आता तवा. नॉनस्टिक चालतो, पण बिडाचा तवा असेल तर दुसरं काही बघू नका. बीड हळू तापतं, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, आणि बेकनची चरबी पिऊन पिऊन तवा इतका काळा गुळगुळीत होतो की सहा महिन्यांत त्याच्यावर आम्लेट सरकायला लागतं. माझा तुळशीबागेतून आणलेला आहे आणि तो बाल्कनीत खिळ्याला लटकतो, किचनमध्ये त्याला प्रवेश नाही. बायको सदाशिव पेठेतली, तिच्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही, तर बेकनचं काय घेऊन बसलात. त्यामुळे वेगळा तवा, वेगळा झारा, वेगळी सुरी असा करार आहे आणि तो मी पाळतो. श्रावणात तवाही सुट्टीवर.

पट्ट्या थंड तव्यावर ठेवायच्या. हे वाक्य दोनदा वाचा कारण आपल्या हाताला सवय उलटी आहे, आपण तेल कडकडीत तापलं की मोहरी टाकतो. इथे तवा थंड, पट्ट्या एकमेकींवर न चढवता शेजारी शेजारी, तेल अजिबात नाही, मग गॅस सुरू आणि तो बारीक. तवा गरम असेल तर मांस पटकन आक्रसतं आणि चरबी आतच अडकते, बारीक आचेवर चरबीला वितळून बाहेर यायला वेळ मिळतो. दहा-बारा मिनिटं लागतात, जाड पट्ट्यांना पंधरा. घाई असेल तर त्या दिवशी बेकन करू नका.

यात घड्याळापेक्षा कान जास्त उपयोगी. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, मग ओलसर आवाज सुरू होतो, भाजीला पाणी सुटल्यावर होतो तसा, ते पट्टीतलं पाणी चाललंय. तव्यावर पांढरट फेस येतो, घाबरू नका, तोच तो इंजेक्ट केलेला मिठाच्या पाण्याचा भाग, त्यात थोडी प्रथिनं असतात. मग पांढरा पट्टा हळूहळू काचेसारखा पारदर्शक व्हायला लागतो, पट्टी कडेने लाटांसारखी उचलते, तेव्हा चिमट्याने उलटायची आणि झाऱ्याने जरा दाबून धरायची. आता आवाज बारीक होतो, चुरचुर सुकी होत जाते, पापड तळताना शेवटी होते तशी. इथून पुढे पाठ फिरवायची नाही. सोनेरी-तपकिरी रंगाच्या एक पायरी आधी उतरवा, कारण खाली काढल्यावरही ती अर्धा मिनिट शिजत राहते, आणि कुरकुरीतपणा तव्यावर येत नाही, गार झाल्यावर येतो. तव्यावरच कुरकुरीत झाली म्हणजे ताटात कडू लागणार.

काढायची टिश्यूवर किंवा जाळीवर. कालच्या पेपरवर नको, छपाईची शाई तेलात उतरते, वडापाववाल्यांनासुद्धा ते बंद करायला सांगितलंय.

जास्त माणसं असतील तर ओटीजी लावा. ट्रेवर बटर पेपर, त्यावर पट्ट्या, २०० डिग्रीला पंधरा ते वीस मिनिटं, उलटायचीही गरज नाही. गॅसच्या ओट्यावर तेल उडत नाही आणि वासही जरा कमी. जरा म्हणजे जराच हां. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात भेटल्या, म्हणाल्या काय हो आज कसली फोडणी घातलीत, काय खमंग वास आला. मी म्हटलं लसणाची. खोटं नव्हतं, लसूण होताच त्यात.

तव्यात जी चरबी उरते ती फेकली तर अर्धे पैसे फेकले. कोमट झाली की बारीक गाळणीतून काचेच्या बरणीत, झाकण लावून फ्रीजमध्ये, तुपासारखी थिजते आणि दोन-तीन महिने आरामात टिकते. गाळायचं मात्र नक्की, खालचे जळके कण राहिले तर लवकर खवट होते. आणि सिंकमध्ये कधीच ओतू नका, पाइपमध्ये जाऊन तीही थिजतेच, मग प्लंबर येतो आणि काय ओतलं होतं साहेब असं विचारतो आणि आपल्याला बायकोसमोर उत्तर द्यावं लागतं.

सकाळी

आम्लेट-पाव सगळ्यात सोपं. दोन अंड्यांना एक पट्टी, तेवढी बास. पट्टी आधी बारीक चिरून तव्यावर तळून घ्यायची, त्याच चरबीत कांदा आणि मिरची परतायची, वरून फेटलेली अंडी आणि कोथिंबीर. मीठ घालायचं नाही. सवयीने हात जातो, माझा अजूनही जातो. मग पाव मधून कापून तव्यावर उरलेल्या ओशट भागावर उपडा दाबायचा, बटर नको काही नको.

पण माझ्या मते बेकनची खरी जागा फोडणीच्या पोळीत आहे. चार शिळ्या पोळ्या हाताने कुस्करून घ्या, मिक्सरला लावू नका, रवा होतो. दोन पट्ट्यांचे तुकडे थंड कढईत टाकून चरबी सुटू द्या, तुकडे कुरकुरीत झाले की बाजूला काढा, त्याच चरबीत मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, एक मोठा कांदा जरा जास्तच गुलाबी, चिमूटभर हळद, मग पोळी. पाण्याचा हबका मारून झाकण दोन मिनिटं. साखर चिमूटभर घाला, आपण एरवीही घालतोच आणि इथे ती खारटपणाला छान सांभाळते. बेकनचे तुकडे सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर, नाहीतर वाफेने मऊ पडतात. याच कारणासाठी कांदेपोह्यात बेकन घालू नका, मी घातलंय, पोहे वाफवताना तुकडे चामड्यासारखे झाले आणि वरून लिंबू, खोबरं, हळद असं सगळं एकमेकांशी भांडत होतं.

दुपारी

कोबी आणि बेकनची दोस्ती जगभर आहे. आपली साधी कोबीची भाजी, चण्याची डाळ घालून, फक्त तेलाऐवजी दोन पट्ट्यांची चरबी. संपलं, यात सांगण्यासारखं अजून काही नाही.

डाळिंब्यांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण ती करताना मला बेकनबद्दल सगळ्यात जास्त कळलं. कडवे वाल एक मोठी वाटी, रात्रभर भिजवायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून सोलायचे. सोलायचं काम कंटाळवाणं आहे, क्रिकेट मॅच लावून बसा. सोललेल्या डाळिंब्या तयार झाल्या की तीन पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या चिरून थंड पातेल्यात. चरबी सुटली की अर्धे तुकडे वरून घालायला काढून ठेवा आणि अर्धे तसेच राहू द्या, हे अर्धे मऊच होणार आहेत आणि तेच हवंय, त्यांची चव रसात उतरते. आता जिरं, ठेचलेला लसूण पाच-सहा पाकळ्या, बारीक कांदा. हिंग नको, धुरीच्या वासात तो उगाच मध्ये मध्ये करतो. हळद, तिखट, डाळिंब्या, दोन मिनिटं हलक्या हाताने परतून गरम पाणी बुडेल इतकंच. बारीक गॅसवर दहा-बारा मिनिटांत शिजतात, बोटाने दाबून बघा, अख्ख्या राहिल्या पाहिजेत. मग आमसुलं तीन-चार, सुपारीएवढा गूळ, ओलं खोबरं.

आमसूल विसरू नका. डुकराच्या चरबीला आंबट लागतंच, कुर्गी लोक पोर्कमध्ये कचंपुळीचा आंबट अर्क घालतात, गोव्याच्या चोरिसात, म्हणजे तिथल्या पोर्क सॉसेजमध्ये, व्हिनेगर असतं, तर आपल्याकडे आमसूल आहे. त्याशिवाय दोन घासांनंतर तोंड ओशट होतं. आणि मीठ? गूळ-आमसूल घालून पाच मिनिटं उकळल्यावर रस चाखा, मगच ठरवा. मला बहुतेक वेळा लागत नाही, लागलं तर चिमूटभर. चुकून जास्त खारट झालंच तर बटाट्याच्या फोडी टाकत बसण्यापेक्षा थोडं पाणी आणि खोबरं वाढवा. बेकनच फार खारट निघालं असेल, म्हणजे तळलेला पहिला तुकडा खाऊनच कळतं, तर उरलेल्या पट्ट्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून, पुसून, मग तव्यावर टाका.

सोड्याच्या जागी बेकन हा हिशोब वांगी-बटाट्यालाही तंतोतंत लागू होतो. फक्त सोडे भिजवावे लागतात, हे नाही.

आणि खिचडी, जिथून हे सगळं सुरू झालं. दीड वाटी तांदूळ, चार पट्ट्या, दोन कांदे उभे चिरून, एका बटाट्याच्या फोडी, आलं-लसूण, तिखट, एक चमचा गोडा मसाला, तीन वाट्या आधणाचं पाणी, मीठ अर्धा चमचा आणि तोही सपाट. कांदा चरबीत लाल होईपर्यंत परतायचा, तांदूळ कोरडे होऊन सुटे वाजायला लागेपर्यंत परतायचे, मग पाणी. तांदळाबद्दल एक सांगतो, मी हौसेने मुळशीचा आंबेमोहोर घातला होता पहिल्यांदा. घालू नका. त्याचा तो नाजूक वास बेकनने पार गिळून टाकला आणि भातही गिचका झाला, आंबेमोहोर मऊ वरणभाताचा राजा आहे, त्याला तिथेच राहू द्या. साधा कोलम घ्या. वाढताना वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि राखून ठेवलेले कुरकुरीत तुकडे, शेजारी सोलकढी.

चहाच्या वेळी

ठेचा. तव्यावर दोन पट्ट्या कुरकुरीत करून काढा, त्याच चरबीत आठ हिरव्या मिरच्या आणि दहा लसूण पाकळ्या डाग पडेपर्यंत भाजा, मूठभर भाजलेले दाणे, आणि खलबत्त्यात ओबडधोबड कुटा. बेकन सगळ्यात शेवटी घालून दोनच ठोके द्यायचे, तुकडे दाताखाली यायला हवेत. लिंबू पिळा. भाकरीबरोबर, ब्रेडला लावून, उकडलेल्या अंड्यावर, कशावरही. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो असं म्हणायला हरकत नाही, आमच्याकडे दुसरा दिवस बघितलेला नाही त्याने.

पावसात सिंहगडावर भाजलेलं कणीस खातो ना, लिंबू-तिखट-मीठ लावून, ते घरी करताना लिंबू बरणीतल्या चरबीत बुडवून कणसावर घासा. मीठ अर्थातच नको.

रात्री कंटाळा आला असेल तर पास्ता. कार्बोनारा म्हणतात तो, मुळात तो डुकराच्या गालाच्या खारवलेल्या मांसाचा करतात, ग्वान्चाले, ते आपल्याला कुठे मिळणार, बेकनवर भागवायचं. क्रीम घालायचं नसतं त्यात, अंडी आणि किसलेलं चीज फेटून गरम पास्त्यात गॅस बंद करून मिसळायचं, वर पास्ता उकळलेलं थोडं पाणी. गॅस चालू ठेवलात तर भुर्जी होते. माझी दोनदा झाली, पावाबरोबर खाल्ली.

आता नको असलेला विषय, तब्येत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये बेकन, सॉसेज, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांचं म्हणणं. शिवाय मीठ भरपूर, बीपीवाल्यांनी जपूनच. मी आठवड्यातून एकदा करतो, चौघांत चार पट्ट्या, आणि काळी होईपर्यंत जाळत नाही. ताटभर बेकन खाणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही, सोड्याच्या हिशोबाने खाणाऱ्याच्या वाट्याला मुळात येतंच थोडं.

काम झालं की बिडाचा तवा कोमट असतानाच जाड मीठ टाकून कापडाने घासायचा, गरम पाण्याने धुवायचा, परत गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करायचा आणि बरणीतल्या चरबीचं एक बोट फिरवायचं. ओला टांगला तर पुण्याच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंजतो. मग बाल्कनी, खिळा, आणि किचनची खिडकी तासभर उघडी.